राणूचा डावा पाय

आमचं पथक ज्येष्ठाच्या अखेरीस कात्रजचा घाट उतरून पुण्यात आलं. पावसाळ्यात मोहीम नसते. नदीपलीकडच्या माळावर छावणी पडली आणि दसऱ्यापर्यंत तिथेच राहायचा हुकूम झाला. पथकात साठ घोडी. मी आणि राणू दोघेही बारगीर. म्हणजे घोडा सरकारी पागेचा, हाडं तेवढी आमची.

त्याच घाटात राणूचा घोडा ओल्या दगडावरून घसरला आणि त्याच्या डाव्या मांडीवर आडवा झाला. मी मागेच होतो, हाड मोडल्याचा आवाज ऐकला. लढाईत मोडलं असतं तर चार लोकांनी चौकशी केली असती. घाटात मोडलं, म्हणून पथकाचे जमादार म्हणाले, "आधी घोडा बघा." घोड्याला खरचटलंही नव्हतं.

स्पष्टच लिहितो. ज्यांनी कधी रिकिबीत पाय घातला नाही अशा पुणेकरांसाठी हा कागद आहे. दसऱ्याला तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून आमची घोडी बघता आणि म्हणता, काय रुबाब. त्या रुबाबाखाली काय झाकलेलं असतं ते ऐका.

हाडवैद्याने मांडी ओढून हाड बसवलं, बांबूच्या कांब्या बांधल्या. राणू दोन महिने उताणा पडून होता. श्रावण संपताना कांब्या सुटल्या. हाड जुळलं की माणूस बरा झाला असं लोकांना वाटतं. राणूलाही वाटलं. तो उठला, एक पाऊल टाकलं आणि माझ्या अंगावर कोसळला. मांडी झिजून पोटरीएवढी राहिली होती. गुडघा वाकतच नव्हता.

मी त्याला पाठीवर घेऊन नदीकाठच्या तालमीत गेलो. तिथले भिकाजी वस्ताद साठीच्या पुढचे. निखळलेले खांदे, धरलेल्या कमरा, आखडलेले गुडघे, हे त्यांचं काम. त्यांनी राणूचा पाय मांडीवर घेतला, बराच वेळ चाचपला आणि म्हणाले, "हाड वैद्यानं जोडलंय. पाय अजून जोडायचा हाय."

"किती दिवस?" राणूने विचारलं.

"ऐंशी."

"दसऱ्याला चाळीसच आहेत."

"मग दसऱ्याला सांग, वाईच दम धर म्हनावं."

दुसऱ्या दिवशी सुरुवात झाली. पहिल्या प्रहरी कोमट तिळाचं तेल, मग निर्गुडीच्या पाल्याचा शेक. मग राणूला ओट्याच्या कडेवर बसवायचं, पाय खाली सोडायचा आणि घोट्याला वाळूची पिशवी बांधायची. पहिल्या दिवशी दोन ओंजळी वाळू, रोज मूठभर वाढवायची. वजनाने गुडघा हळूहळू वाकायचा. राणू दात आवळून आढ्याकडे बघत बसायचा.

"ओढ लागली तर लागू दे," वस्ताद सांगत. "सुई टोचल्यागत झालं तर बोल. न बोलनारा गडी माझ्या कामाचा न्हाई."

पूर ओसरल्यावर नदीत कमरेइतक्या पाण्यात चालणं. पाण्यात माणसाचं वजन हलकं होतं, पाय भरवसा धरतो. मग घाटाच्या पायऱ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. राणू उलटं करायचा आणि वस्ताद खालून ओरडायचे, "स्वर्गात चांगला पाय टाकावा रं, नरकात लंगडा. ध्यानात ठेव." कपडे धुणाऱ्या बायका हसायच्या. राणूही हसायचा.

दर आठ दिवसांनी वस्ताद सुतळीने त्याच्या दोन्ही मांड्या मोजत आणि गाठी मारत. दोन्ही गाठी सारख्या झाल्या की घोडा, त्याआधी नाही. दसऱ्याला चार दिवस राहिले तेव्हा तीन बोटांचं अंतर होतं. गुडघा अर्धा वाकत होता. सपाटीवर राणू काठीशिवाय चालायचा. घोड्यावर मात्र डावा पाय रिकिबीत ठेवूनच चढतात, आणि त्याचा डावा पाय रिकिबीपर्यंत उचलतच नव्हता.

"अजून चाळीस दिस," वस्ताद म्हणाले. "मुदत मागा. मिळती."

मुदत मिळते हे खरं आहे. दसऱ्याला मोहिमेआधी हजिरी होते, तेव्हा कारकून विचारतो, दुखापत आहे का. माणसाने हो म्हटलं तर तसं लिहितात. पण मग घोडा दुसऱ्याला जातो आणि माणूस कोठाराच्या पहाऱ्यावर. कागदावर तो बरा होईपर्यंत. पथकातले लोक त्याला खोगीरभरती म्हणतात. पहाऱ्यावर गेलेला माणूस पुन्हा घोड्यावर आलेला मी तरी पाहिला नाही. तो बरा झाला का, हे विचारायला कुणी जातच नाही. म्हणून हो म्हणायचं नाही, ही आमच्यातली चाल. एकाने झाकायचं, बाकीच्यांनी पांघरूण घालायचं. याला आम्ही इमान म्हणतो.

"माझं नाव त्या यादीत घातलंस तर तुझं तोंड बघणार नाही," राणू मला म्हणाला.

पथकातले सगळे अर्ज मी लिहायचो. घोड्यांच्या चंदीत खडे निघाले, लिहा. तंबू गळतो, लिहा. मला सगळे कागदी घोडेवाला म्हणायचे. ज्या एका माणसासाठी लिहायला हवं होतं त्याच्यासाठी मी लेखणी उचलली नाही. जमादारांनाही सगळं माहीत होतं. ते मला इतकंच म्हणाले, "शिंग वाजायच्या आधी त्याला वर बसव."

हजिरीच्या सकाळी शिंगाच्या घटकाभर आधी मी आणि पथकातल्या आणखी एकाने राणूला पागेच्या भिंतीआड नेलं. दगडावर उभं केलं, उजव्या बाजूने उचललं आणि खोगिरावर ठेवलं. त्याचा डावा पाय मी हाताने धरून रिकिबीत घातला. घोडा बुजला, कारण उजवीकडून चढणारा माणूस त्याला माहीत नव्हता. राणूच्या कपाळावर घाम आला. तो मी माझ्या शेल्याने पुसला.

हजिरीचे कारकून आमच्या रांगेसमोरून येत होते. मागे चवरीवाला, पुढे दौत धरणारा. नाव, गाव, चेहऱ्यावरच्या खुणा, घोड्यावरचा सरकारी डाग. राणूपाशी थांबले.

"पावसाळ्यातल्या हजिरीत हे गृहस्थ आजारी लिहिलेत."

"बरा झाला," जमादार म्हणाले.

"दिसतंय. घोड्यावर बसवला की म्हसोबाही बरा दिसतो." कारकुनांनी राणूकडे पाहिलं. "काय हो, काही दुखतंय?"

"नाही."

"नशीबवान आहात. माझे दोन्ही गुडघे दुखतात." त्यांनी लिहिलं आणि पुढे सरकले.

त्यांनी उतरून दाखवा म्हटलं असतं तर? मी तेव्हा मनातल्या मनात देवाला हात जोडत होतो, म्हणू नये म्हणून. देवाने ऐकलं.

मोहीम निघाली. पंधरा दिवस निभावलं. सकाळी मी त्याला चढवायचो, मुक्कामाला उतरवायचो. मध्ये तो उतरतच नसे. पाणीसुद्धा वरच पीत असे. वस्तादांनी दिलेली वाळूची पिशवी त्याने पडशीत घेतली होती, पण ती बांधायला बसायची सवड मिळाली नाही. थंडीने गुडघा पुन्हा आखडत चालला.

सोळाव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी एक खडी चढण लागली. सुटे दगड, घोडी घसरत होती. जमादारांचा हुकूम आला, "पायउतार. घोडी हाताने न्या." त्याच वेळी त्यांनी मला पुढे टेहळणीला पिटाळलं. मी राणूकडे पाहिलं. तो म्हणाला, "जा. उतरायला येतं मला."

उतरायला खरंच येत होतं.

मी माथ्यावर पोहोचलो तेव्हा डावीकडच्या ओढ्यातून गनिमाचे तीसेक स्वार निघाले. मी इशारा केला. खाली शिंग वाजलं. "चढा. चढून माथा गाठा." पथक चढलं. किती वेळ लागतो चढायला? खोकायला लागतो तेवढा. पथक माझ्याकडे दौडत आलं. मी घोडी मोजली नाहीत, माणसं शोधली. राणू दिसला नाही.

"राणू कुठाय?"

जमादारांनी मागे वळून पाहिलं.

मी वरून पाहिलं. तो घोड्याच्या डाव्या बाजूला उभा होता. एका हातात आयाळ, दुसऱ्या हाताने स्वतःचा डावा पाय धरून उचलत होता. घोडा गोल फिरत होता आणि तो त्याच्याबरोबर एका पायावर उड्या मारत होता. हाक मारली असती तर शेवटच्या चौघांना ऐकू गेली असती. त्याने मारली नाही. नंतर त्याने घोडा सोडून दिला, दगडाला पाठ लावली आणि तलवार काढली.

आम्हाला परत खाली जायला अर्धी घटका लागली. गनीम निघून गेला होता. आमच्यातला दुसरा कुणी जखमीही झाला नव्हता.

पुण्यात परतल्यावर मी चाकरी सोडली. आधी तालमीत गेलो. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पिशवी बांधत व्हता का?"

"नाही."

"तू तरी बांधायची."

मग कारकुनांकडे गेलो. त्यांनी राणूच्या नावापुढे 'कामी आला' लिहिलं होतं. मी म्हटलं, पाय बरा नव्हता, तेही लिहा.

"मी विचारलं होतं त्यांना," कारकून म्हणाले. "आपण शेजारीच होता."

"होतो. आता सांगतो ना."

"आता लिहायची चाल नाही." त्यांनी वही मिटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी सांगितलं असतं तर लिहिलं असतं हो."

वहीत जे येत नाही ते मी इथे लिहितो. पथकातल्या साठ जणांपैकी कुणीही येऊन खोटं ठरवावं.

राणू, बारगीर. वय सव्वीस. नदीच्या पायऱ्यांवर पडला की स्वतःच आधी हसायचा. दसऱ्याच्या हजिरीला त्याचा डावा गुडघा अर्धाच वाकत होता. त्याला घोड्यावर मी बसवलं.