वामनभाऊंचे कावळे

किस्से ठरवून जमवावे लागत नाहीत. एटापल्लीच्या लाकूड डेपोत संध्याकाळी आम्ही बायका एका ओट्यावर टेकलो, की एकीचा संपायच्या आत दुसरीला आठवायचा. त्यातले निम्मे शेजारच्या क्लार्क वामनभाऊंच्या छऱ्याच्या बंदुकीचे!

*

त्यांची बायको कमलबाई हिवतापाने अंथरुणावर. पहाटे कुठे तिचा डोळा लागायचा, आणि नेमके तेव्हाच चिंचेवर कावळे सुरू! म्हणून भाऊंनी चांद्याहून बंदूक आणली. पहिल्याच छऱ्याने अंगणातला माठ फुटला.

आतून कमलबाईने विचारलं, "मेला का जी?"

"उडाला."

"मंग पानी कायचं वाहून राह्यलं?"

*

पुढे नेम बसला. एक कावळा पडला, तर गावभरचे कावळे जमून दुपारभर ओरडले. कमलबाई उशीत तोंड खुपसून पडलेली. भाऊ कुनैनची गोळी हातात धरून म्हणाले, "एक मारला तं एवढे आले! याहीले बी सुतक असते काय?"

*

मग कावळे भाऊंना ओळखू लागले. हातात बंदूक नसली तरी भाऊ दिसले की चिंच रिकामी! वड्या वाळत घातल्या की मी हाक मारायची, "भाऊ, जरा इथी बसा ना!" ते खुर्ची टाकून पेपर वाचायचे. एक वडी जायची नाही.

रेंजरसाहेब म्हणाले, "वामनराव, डेपोत बुजगावण्याची जागा काढू का?"

कमलबाई झोपली की भाऊही हसायचे.

*

कुनैन लागू पडली नाही. पावसाळ्याआधीच कमलबाई गेली.

दहाव्याला नाल्याकाठी पिंड ठेवला. आम्ही बायका लांब उभ्या होतो. कावळे पलीकडच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. "आपल्या पोरीले शिकवीन," भाऊ हात जोडून म्हणाले. "तुह्या मायले पाहीन." सगळं बोलून झालं. ऊन चढलं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

"थांबा महाराज. खऱ्यानंच शिवलं पायजे."

चौकीदार लालसू हळूच म्हणाला, "भाऊ, ते तुमाले ओळखतेत. तुमी घरी जा."

"मी गेलो तं तिच्याशी बोलन कोन?"

तरी भाऊ उठून गेले. परत आले ते कमलबाईचं रोजचं लुगडं नेसून, मुंडन केलेल्या डोक्यावरून पदर घेऊन.

कोणी हसलं नाही. भाऊ पिंडाजवळ बसले. पदराआडून काय बोलले, ते आम्हाला ऐकू आलं नाही.

कावळा उतरला.