दोन तारांखालची सोयरीक

जानकू मुंबईची वीज चोरतो, अशी आवई ओतूरच्या बाजारात उठली आणि दिवस मावळायच्या आत तिला शेपूटही फुटलं: म्हणे त्याच्या मेंढ्यांना ट्यूबलाईट आहे आणि कोकरांना पंखा! खरं एवढंच, की जानकूकडे ना मीटर होता ना वायर. माळावरून जुनी मोठी लाईन जाते, तिच्याखाली तो दुकानदारांनी फेकून दिलेल्या ट्यूबा जमिनीत रोवायचा आणि दिवेलागणीला त्या आपोआप उजळायच्या. कशाला न जोडता.

तो उजेड दुधात पाणी घातल्यासारखा. वर तारांचा आवाज मोहोळासारखा घुमायचा, जाळीच्या वाघरीत मेंढ्या रवंथ करायच्या, आणि घोंगडीवर उताणा पडलेल्या जानकूला वाटायचं, आपण तळ्याच्या तळाशी निजलोय आणि वरून कुणीतरी चांदणं ओततंय. भाकरी गार व्हायची.

"त्या काचेच्या कांड्यांशीच लगीन लावायचं व्हतं," त्याची बायको बाळाबाई म्हणायची.

दोन हजार सालाच्या सुमाराला त्याच माळावर नवी लाईन उभी राहिली. ती विदर्भातून निघायची ती थेट मुंबईकडे. टॉवर जुन्याहून उंच, पण जाडजूड तारा दोनच. जानकूनं हिशेब केला: लाईन थोर, तर उजेडही थोर असणार. पुनव खाली उतरणार.

त्यातच त्याच्या पोरीला बघायचा दिवस ठरला. नंदा ओतूरच्या कॉलेजात सायन्सला. तिला घोडेगावाकडचा सोमनाथ मनातून पसंत होता. हे तिनं आईला सांगितलं आणि आईनं जानकूला. घोडं अडलं होतं ते सोमनाथच्या बापापाशी. सावळेरामचं म्हणणं, शिकलेली पोरगी आपल्या मेंढरांच्या घरात टिकायची न्हाई. जानकूनं मनात घेतलं, पावण्यांना अशा उजेडात बसवायचं, की त्यांच्या तोंडून नकार निघूच नये.

"आबा, जुन्या लाईनीखाली बसू," नंदा म्हणाली. "ती नवी येगळी हाय."

"पावण्यांना बारक्या लाईनीखाली बसवू? काय म्हनतील?"

नव्या लाईनीखाली घोंगड्या अंथरल्या, ट्यूबांची रांग रोवली. पोहे झाले. डोंगरामागं दिवस बुडाला, माळ जांभळा झाला, तारा आभाळात विरल्या. ट्यूबा मात्र ढिम्म.

"जरा दम धरा, पावणं," जानकू म्हणाला.

"वायरमन यायचाय का?" सावळेरामनं विचारलं. वाघरीपलीकडे शेजारच्या गेणभाऊला खोकल्याची उबळ आली. ती खोकल्याची नव्हती.

जानकूनं एक ट्यूब उपटून हातात धरली, धोतरानं पुसली, पुन्हा धरली. हातावरची लव तेवढी उभी राहिली.

"लाईनीत वीजच न्हाई वाटतं," सावळेराम म्हणाला.

चहाचा ट्रे घेऊन खाली मान घालून आलेली नंदा थांबली. "हाय की, मामा. भरपूर हाय."

बाळाबाईनं पदर तोंडाशी नेला. सुपारी फुटायच्या आधीच मामा!

"मग उजेड का न्हाई?"

"ताक घुसळताना रवीची दोरी कशी जाती? एकदा हिकडं, एकदा तिकडं. जुन्या लाईनीतली वीज तशी, सेकंदाला पन्नास येळा. तिच्यामुळं ट्यूबातला वायूबी घुसळतो अन् उजेड पडतो. ही कालव्यासारखी एकाच अंगानं चालती. घुसळणंच न्हाई, तर लोणी कुठनं येनार?"

"मग अशी न्यायची कशापायी?"

"लांबच्या वाटंला गळती कमी व्हती, तारबी कमी लागती. पर जुनीला ट्रान्सफॉर्मर लावून वाटंत कुठंबी उतरवता येतं. हिला तसं जमत न्हाई. हिच्या दोन्ही टोकांना कारखान्याएवढी मशिनं लागत्यात."

"म्हंजे जुनी गावोगाव थांबनारी यष्टी, अन् ही विनाथांबा."

"तसंच."

सावळेराम विचारत गेला, नंदा सांगत गेली. जानकू हातात न पेटलेली ट्यूब घेऊन मागं कलंडला. अंधारात त्याला वर दोन कळप दिसायला लागले. एक रोज सकाळी जायचा आणि सांजेला परतायचा, जात-येत राहायचा. दुसरा घाट उतरून कोकणात निघाला होता, संथ, एकामागं एक, मागं न बघता. त्या दुसऱ्या कळपाच्या पाठोपाठ पोरीचा आवाज लांब लांब चालला होता, आणि त्याला हाक मारावी वाटत होती, पण मारवेना.

"आमच्या घरात समजंल असं बोलणारं मानूसच न्हाई," सावळेरामचा आवाज आला. "जानकूभाऊ, उठा. सुपारी फोडा."

दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या हॉटेलात गेणभाऊनं जानकूला गाठलंच. "काय राव, लई गमजा करत व्हतास. एक ट्यूब पेटली न्हाई. पावण्यांना अंधारात बसवून सोयरीक केलीस."

जानकूनं बशीतला चहा आधी संपवला.

"पेटल्या असत्या तर पावणं ट्यूबांकडंच बघत बसलं असतं. माझ्या पोरीचं कुनी ऐकलं असतं?"