अक्कांच्या खोलीतली लादी

मित्रांनो, आज शारजात एका व्हिलावर कामाला होतो. पार्किंगच्या छताला खालून फोमचे बोर्ड चिकटवायचे. म्हणजे वरच्या खोल्यांची लादी तापत नाही, एसीचं बिलही कमी येतं.

माप घ्यायला वर गेलो, तर घरकाम करणाऱ्या लक्ष्मीअक्का स्वतःच्या खोलीतही चप्पल घालून! मी हसलो. त्या म्हणाल्या, "भैया, पाँव रखके देखो."

ठेवला आणि लगेच उचलला. अक्का तिथेच खाली गादी टाकून झोपतात.

सुपरवायझर जोसभाईंना विचारलं, हिच्याखालीही पार्किंगच आहे, मग बोर्ड लावताना ही खोली का सोडली?

"ड्रॉइंग में नहीं है. खलास."

डोकंच फिरलं माझं. म्हटलं, बोर्डांचे कापलेले तुकडे कचऱ्यातच जाणार, ते इथे लावू का?

जोसभाईंनी वर बघितलं, मग माझ्याकडे. "जॉइंट ठीक से भरना. मैं चाय पीके आता है."

अक्कांच्या खोलीखाली तुकडे जोडून जोडून लावले.

संध्याकाळी गाडीत बसताना वरच्या खिडकीतून अक्का ओरडल्या, "भैया, चप्पल निकाला!"

तुमच्यापैकी कुणाच्या घरी कामाला मावशी राहत असतील, तर त्यांच्या खोलीत एकदा अनवाणी उभं राहून बघाल का?