नव्या घरातलं गाऱ्हाणं

दिवसभर जीभ बदलून बदलून मी अगदी कंटाळलोय. सकाळी भाजीवाल्याशी हिंदी, ऑफिसात इंग्रजी, सासुरवाडीचा फोन आला की मोडकंतोडकं गुजराती, आणि घरी पोहोचेपर्यंत जी काही उरते ती मराठी. मुलगा तर एकाच वाक्यात सगळं कोंबतो आणि वर मलाच विचारतो, "पप्पा, समझा ना?" समजलं रे बाबा. न समजून सांगतो कुणाला!

आम्ही मूळचे मालवणकडचे, पण मला मालवणी बोलता येत नाही. समजते सगळी; तोंड उघडलं की मात्र नाटकात काम केल्यासारखं वाटतं. बाबा गिरणीत होते. तिथे त्यांच्या बोलण्यावर लोक हसायचे. पोरांवर कुणी हसू नये म्हणून त्यांनी घरात फर्मान काढलं, पोरांशी शुद्धच बोलायचं. आईला शुद्ध काही जमलं नाही, म्हणून ती आमच्याशी कमीच बोलायची. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो.

मग मी घाटकोपरची गुजराती मुलगी करून आणली. सुनेला कुठे शाळेत जायचंय, तिला फर्मान लागू नव्हतं. आईने इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं सगळं स्वयंपाकघरात तिच्यापुढे ओतलं. माझी बायको मासे खात नाही, पण बांगड्यात तिरफळं किती घालायची यावर कुणाशीही भांडेल, आणि तेही मालवणीत. हेल मात्र घाटकोपरचा. आई गेल्यावर घरात मालवणी बोलणारी दोनच माणसं उरली, बाबा आणि ती. मी मध्ये बसून नुसता ऐकायचो.

भांडुपची आमची चाळ पाडली आणि टॉवर उभा राहायची वाट बघत आम्ही भाड्याच्या खोल्या बदलत राहिलो. पेट्या बांधा, सोडा, पुन्हा बांधा. जीव नकोसा झाला नुसता. त्यातच बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. बिछान्यात सगळं करावं लागायचं आणि ते सगळं बायकोच करायची. मी ऑफिसातून येऊन त्यांच्या उशाशी टेकायचो आणि म्हणायचो, "बाबा, नव्या घरात गेलो की बघा कसे झकास बरे होता." मला खरंच तेवढंच हवं होतं. त्यांनी त्या घरात राहावं, खिडकीत बसावं, चार वर्षं तरी सुखाने काढावीत.

चावी मिळाली त्या रविवारी बाबांना चाकाच्या खुर्चीतून लिफ्टने वर आणलं. चाळीतली जुनी मंडळीही त्याच मजल्यावर परतली होती. पलीकडची तमिळ मावशी आली, युपीचा दूधवाला भैया आला. दोघांनाही मालवणी शून्य येते. पण चाळीत काहीही असो, बारसं, नवा टीव्ही, पोराची दहावी, बाबा देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. देवाला हाक मारून मोठ्याने जे मागायचं ते मागायचं, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, "होय म्हाराजा!" हे दोन शब्द त्या दोघांना आमच्यापेक्षा ठणठणीत येतात.

आता घरातला कर्ता मी. पाटावर नारळ ठेवला, हात जोडले आणि आपल्या शुद्ध मराठीत सुरू केलं. "बा देवा महाराजा, आज आम्ही नव्या घरात पाऊल ठेवलं आहे, ते मान्य करून घे."

"होय म्हाराजा!"

"माझ्या बाबांना बरं कर. त्यांना शंभर वर्षं आयुष्य दे."

बाबांचा डावा हात वर गेला. थांब.

मला वाटलं, भाषा खटकली. घाम पुसला, जमेल तेवढी मालवणी गोळा केली आणि परत तेच मागितलं. हात वरच. तिसऱ्यांदा मागितलं तर त्यांनी मानच हलवली, डोळे पाण्याने भरले. माझं डोकं फिरलं. "काय पाहिजे तरी काय तुम्हाला, बाबा? तुम्हीच शिकवली नाहीत, आता कुठून आणू मी?"

बायको बाबांच्या खुर्चीशेजारी उभी होती. म्हणाली, "भाषेचं नाही रे ते. सरक तू."

आमच्याकडे बाईमाणूस गाऱ्हाणं घालत नाही. पण बाबांनी हात खाली घेतला, म्हणून मी सरकलो. तिने डोक्यावरून ओढणी घेतली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"बा देवा म्हाराजा, ह्या घर तुझा आसा, हयसर ऱ्हवणाऱ्यांका सांभाळ म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"काय चूकभूल झाली आसात तर पोटात घाल म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्यो तुझो म्हातारो आता दमलो म्हाराजा. घर बघूचा होता, ता बघून झाला. आता त्येका बिछान्यात कुजवू नको. हात धर आनि सुखान घेवन जा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" भैया आणि मावशी उत्साहाने गरजले. त्यांना काय कळणार, बिचाऱ्यांना! मुलगा मोबाइलवर शूटिंग करत होता, तोही ओरडला.

मला कळलं होतं. एकूण एक शब्द.

आमच्याकडे कर्त्याचा होकार आल्याशिवाय नारळ फोडत नाहीत. बायको नारळ हातात घेऊन थांबली. तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी बाबांकडे बघितलं. बाबा माझ्याकडेच बघत होते. रागाने नाही. लहानपणी मी शाळेत निघालो की दारात उभे राहून बघायचे, तसे.

"होय म्हाराजा," मी म्हणालो.