आईच्या बोलीची पदवी

तुझा विषय कोणता, असं कुणी विचारलं की ती आधी खांदे उडवायची आणि मग म्हणायची, “इट्स अ लाँग स्टोरी, आंटी.”

दोह्यातल्या एका छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. आमच्याकडे एक सोय आहे. ठरलेल्या कुठल्याच विषयात मन बसत नसेल, तर दोन-तीन विषय एकत्र करून विद्यार्थ्याला स्वतःची पदवी आखता येते. ती का हवी, हे मात्र प्राध्यापकांच्या समितीला पटवावं लागतं. या वाटेला सहसा कुणी जात नाही. तिच्या वर्षाला ती एकटीच होती.

दोह्यातल्याच मदिनत खलीफा या वस्तीत वाढलेली मुलगी, आईवडील कुडाळकडचे. घरात मालवणी कानावर पडायची, हिचं उत्तर मात्र इंग्रजीत. वडिलांच्या आग्रहाने तिने कॉम्प्युटर हा विषय घेतला होता. ती दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या आईला पक्षाघाताचा झटका आला. आई वाचली, पण हिंदी-इंग्रजी पार पुसलं गेलं. उरली ती लहानपणची मालवणी, तीही तुटक.

आई दुपारी विचारायची, “जेवलंस?” ही म्हणायची, “येस, मम्मा.” आई पुन्हा विचारायची, मग चिडून ताट ढकलायची. मी सावंतवाडीची आहे हे कळल्यावर एके दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. आईला कळेल असं उत्तर काय द्यायचं, एवढंच तिला हवं होतं. “जेवलंय, आये,” हे पुटपुटतच ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली ती रडवेली होऊन. आईने नुसती मान हलवली होती म्हणे, आणि मग ती शांत झोपली होती.

तिथून तिने कॉम्प्युटर सोडला. मेंदूचं शास्त्र, भाषाशास्त्र आणि समाजशास्त्र यांची मोट बांधून तिने आपली पदवी आखली. वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. हिला नोकरी कोण देणार, ही त्यांची काळजी काही खोटी नव्हती. समितीतल्या एका प्राध्यापकांनीही विचारलं, याचा उपयोग कुणाला? ती म्हणाली, “सध्या आमच्या घरातल्या एका माणसाला.” मंजुरी मिळाली.

मग ती रोज माझ्याकडून मालवणी घटवून घेऊ लागली. आईला स्वयंपाकघरात नेलं की शब्द सापडतात, पलंगावर सापडत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. कोकमं हातात दिली की आई वाक्यंच्या वाक्यं बोलायची. त्यावरच तिचा प्रबंध उभा राहत होता.

तो सादर करायच्या आठवड्यात आईला दुसरा झटका आला. त्यातून ती उठली नाही.

आईचा देह गावी न्यायचं ठरलं. मी विमानतळावर गेले होते. पदवी अपुरीच राहणार, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. त्यानंतर ती कतारला परतलीच नाही.

काउंटरपाशी वडील पासपोर्ट घट्ट धरून उभे होते. समोरचा माणूस इंग्रजीत काहीबाही विचारत होता आणि इतकी वर्षं इथे इंग्रजीतच नोकरी केलेल्या त्या गृहस्थांना एक अक्षर उमगत नव्हतं. तिने हलकेच त्यांच्या हातातून पासपोर्ट घेतले.

“बाबा, तू बस हंय,” ती म्हणाली. “मी आसंय मां.”

ते बसले. तिने काउंटरवरचं काम उरकल्यावर दोघं आत निघाली. मी हात वर केला होता, पण तिने पाहिलं नाही. वडील हळू आवाजात काहीतरी सांगत होते आणि ती मान वाकवून ऐकत होती.