धक्क्याचा गोल

शनिवारी सकाळच्या एसटीने कोयनानगर सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर पळसाच्या पानांत बांधलेली करवंदं होती. ती बिरूसाठी होती. बायकोने निघताना बजावलं होतं की ती त्याच्या हातात द्यायची, त्याचं तोंडभरून कौतुक करायचं आणि उगाच एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून परत यायचं नाही.

बिरू हा माझा शाळेतला सोबती. आज तो सांगलीच्या एका फुटबॉल संघात पुढच्या फळीत खेळतो. रविवारी मोसमातला शेवटचा सामना होता. जिंकले तर संघ वरच्या गटात जाणार, आणि बिरूचं नाव सांगली-सातारा ओलांडून पुढे जाणार. त्याने स्वतः फोन करून बोलावलं होतं. मी इथल्या शाळेत खेळाचा शिक्षक आहे, मे महिन्याची सुट्टी होती, नाही म्हणायला कारण नव्हतं. पण खरं सांगतो, मी त्याला हरताना पाहायला निघालो होतो.

आणखी एक बेत मनात होता. बिरू आधी कऱ्हाडच्या संघात होता, मग विट्याच्या, मग सांगलीच्या. कऱ्हाड आमच्याकडून सांगलीला जायच्या वाटेवरच लागतं, आणि थोडी वाकडी वाट केली की विटाही. म्हटलं, उतरत उतरत जावं आणि विचारावं की हा गडी इतका वर चढला कसा. उत्तर मला ठाऊक होतं. ते फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

ते उत्तर आधी वाचकांना सांगून टाकतो. बिरू मूळचा माणदेशातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याचा मामा आमच्याकडे वीजघरात कामाला होता, म्हणून तो दहावीला आमच्या वसाहतीत आला. आमच्याकडे जमीन हलते. त्याला आम्ही नुसतं धक्का (भूकंपाचा हादरा) म्हणतो, आणि धक्का बसला की हातातलं काम टाकून सगळेजण धरणाच्या दिशेला मान वळवतात. कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. एकदा कऱ्हाडचे कदम सर एक खेळाडू निवडायला आले. आमच्यातच दोन बाजू पाडून सामना लावला. चेंडू माझ्या पायात होता आणि धक्का बसला. मी थांबलो, सगळे थांबले, गोलरक्षकसुद्धा खांब सोडून बाजूला झाला. एकवीस माना धरणाकडे वळल्या. माणदेशी बिरूला मात्र धक्का म्हणजे काय याचा पत्ताच नव्हता. त्याने माझ्या पायातला चेंडू काढून घेतला, पळत गेला आणि रिकाम्या जाळीत मारला. कदम सरांनी त्याला नेलं. मी तिथेच राहिलो. ही हकिगत मी इतक्या वर्षांत इतक्या जणांना सांगितली आहे की वसाहतीत तिचं नाव ‘धक्क्याचा गोल’ असं पडलंय.

घाट उतरून पाटण मागे टाकलं की हवा बदलते. डोंगर बाजूला सरकतात आणि उसाचे फड रस्त्यापर्यंत येतात. कऱ्हाडला उतरलो तेव्हा उन्हाने डोकं तापलं होतं. कदम सर आता निवृत्त आहेत. नदीकडच्या गल्लीत त्यांचं घर आहे. बनियनवर ओट्यावर बसून आंबे निवडत होते. ओळख पटायला वेळ लागला, पण धक्क्याचं नाव काढताच हसले.

"त्या गोलापायीच उचलला त्याला," ते म्हणाले. "न्हाईतर त्या दिवशी मला तूच बरा वाटत हुतास."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. सरांनी दोन आंबे कापले, मग आणखी दोन, आणि चारही मी खाल्ले. जेवूनही घेतलं. पाया पडून निघालो तेव्हा उन्हाचं काही वाटत नव्हतं.

कऱ्हाडहून विट्याला वडापने (माणसं कोंबून धावणारी जीप) गेलो. पुढच्या बाकावर चालक धरून पाच जण होतो, त्यातल्या एकाच्या मांडीवर घमेल्यात कोंबडी होती. जसजसं पूर्वेला जावं तसतशी झाडं कमी होतात, बाभळी आणि माळ लागतो. कदम सरांचं वाक्य मी तोंडात घोळवत होतो आणि सोबत एकेक करवंदही. तूच बरा वाटत होतास. विटा यायच्या आत पळसाची पानं रिकामी झाली होती. शर्टावर जांभळे डाग पडले. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

विट्यातल्या घराघरातला कुणी ना कुणी परमुलखात गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) दुकानात असतो. तात्या त्यांतलेच. केरळात त्यांची अर्धी हयात गेली, तिथेच त्यांना फुटबॉलचं वेड लागलं, आणि गावी परतल्यावर त्यांनी संघ काढला. बिरू त्यांच्याकडे चार मोसम खेळला. मला त्यांनी रात्री ठेवूनच घेतलं. जेवायला बाजरीची भाकरी आणि मटणाचा लाल रस्सा होता. वाढता वाढता त्यांनी बिरूची सगळी गाऱ्हाणी सांगितली. तापट डोक्याचा, पंचाशी भांडणारा, वेळेवर न झोपणारा, लाल कार्ड घेऊन संघाला गोत्यात आणणारा. मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

मग तात्यांनी भलतंच काढलं. बिरू आला तेव्हा त्याचा डावा पाय म्हणजे नुसतं लाकूड होतं. तात्यांनी ते तोंडावर सांगितलं. एका उन्हाळ्यात तो रोज सकाळी माळावर गेला आणि बूट फक्त डाव्या पायात घालून, उजवा पाय अनवाणी ठेवून खेळला. खड्यांच्या जमिनीवर अनवाणी पायाने चेंडू मारवत नाही, म्हणून मारायचा तो डाव्यानेच.

"पाय सोलून निघायचा, पन गडी हटला न्हाई," तात्या म्हणाले. "आमी हसायचो त्याला. येडाच हाय म्हणायचो."

मीही हसलो. पण चौथी भाकरी संपली नाही. गच्चीवर झोपायला दिलं होतं, वारा छान होता, तरी कूस बदलत पडलो.

रविवारी दुपारी तासगावमार्गे सांगलीत शिरलो. बाजारपेठेच्या बाजूला हळदीचा वास इतका दाट असतो की घशात उतरतो. रिक्षावाल्याला मैदानाचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "बिरूदादाची मॅच बघायला आलाय व्हय?" त्याने मागितले तेवढे पैसे मी घासाघीस न करता दिले, म्हणजे पुढे काही बोलायला नको.

मैदान भरलं होतं. पायऱ्यांवर मला जागा मिळाली ती अण्णांशेजारी. अण्णा हळदीचे व्यापारी, जैन, पांढरा शर्ट, कपाळावर गंध. या संघाचा एकही सामना त्यांनी चुकवलेला नव्हता. मी बिरूचा शाळेतला सोबती म्हटल्यावर त्यांनी भडंगाचा (तिखट-मसाला लावलेले चुरमुरे) कागद माझ्याकडे सरकवला. बोलता बोलता मी त्यांनाही धक्क्याचा गोल सांगितला. ते लक्षपूर्वक ऐकत होते, पण कदम सरांसारखे हसले नाहीत.

समोरच्या संघाची गाडी वाटेत बंद पडली होती, त्यामुळे सामना उशिरा सुरू झाला. पूर्वार्धात बिरूचं काहीच जमेना. दोन वेळा पडला, एकदा चेंडू सरळ पायऱ्यांवर पाठवला. मी मनातल्या मनात प्रत्येक चूक जिभेवर साखर ठेवावी तशी चघळत होतो. उत्तरार्धात ऊन पिवळं झालं आणि अण्णांची चुळबुळ सुरू झाली. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांचा नेम. घर मागच्याच गल्लीत होतं.

"मी चटदिशी दोन घास खाऊन आलो," ते उठत म्हणाले. "तवर तुमी नीट बघून ठेवा. काय झालं ते मला सगळं सांगायला पायजे."

ते गेले आणि गोल झाला. मधून उंच चेंडू आला. समोरच्या संघाच्या एकाने हात वर केला, ऑफसाइड म्हणून. ते बघून दुसऱ्याने केला. त्यांची सगळी मागची फळी हात वर करून पंचाकडे बघत उभी राहिली. आमच्या बाजूचेही दोघं थांबले. मीसुद्धा जागेवर बसून थांबलो, म्हणजे मनाने. शिट्टी काही वाजली नव्हती. बिरू पळत होता. चेंडू त्याच्या डाव्या अंगाला पडला. उजव्यावर घ्यायला वेळ नव्हता, त्याने घेतलाही नाही. डाव्या पायाने, पडता पडता, दूरच्या खांबाला लागून आत. पायऱ्या उठल्या. मी बसून राहिलो. माझ्या छातीत एक निखारा ठेवल्यासारखं झालं.

अण्णा हात पुसत परतले तेव्हा सामना संपला होता आणि लोक मैदानात नाचत होते. ते माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, आता सांगा.

मी सुरुवात केली ती अशी, की नशीब म्हणायचं, समोरचे सगळे हात वर करून थांबले.

"बरं. मग ह्यो का थांबला न्हाई?" अण्णांनी विचारलं. त्यात खोच नव्हती. त्यांना खरंच गोल ऐकायचा होता.

मी पहिल्यापासून सांगायला लागलो. चेंडू कुठून आला, बिरूने आधी पंचाकडे नाही तर चेंडूकडे कसं पाहिलं, डावा पाय कसा आला, तो पाय कुठे तयार झाला, सगळं. सांगता सांगता माझा आवाज चढला, हात हलायला लागले. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. शेवटी म्हणाले की जेवायला गेल्याचं दुःख उरलं नाही. मी मात्र तेवढा गोल सांगून दमून गेलो होतो.

बिरू बाहेर आला तो घामाने निथळत, खांद्यावर टॉवेल. मला बघून मिठीच मारली. मी त्याला म्हटलं, चांगला मारलास. तोंडातून निघायला जड गेलं, पण निघालं. तो खूश झाला. मग मला राहवेना. इतक्या वर्षांत जे त्याला कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. त्या दिवशी वसाहतीत धक्का बसला, तो तुला कळला नव्हता ना?

"कळला की," बिरू म्हणाला. "पायाखाली घरंगळल्यागत झालं. लय भ्यालो हुतो."

"मग?"

मी असं का विचारतोय हे त्याला उमगत नव्हतं.

"तुमी सगळी थांबला म्हून मीबी थांबायचं व्हय रं?"

आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. पाणी कमी होतं, पलीकडे वीटभट्ट्यांचा धूर दिसत होता. तो नव्या मोसमाचं बोलत होता आणि मी हूं हूं करत होतो. त्याने घरच्यांची चौकशी केली, वहिनींनी काही पाठवलंय का विचारलं. मी नाही म्हणालो.

सोमवारी थेट कोयनेची गाडी धरली. कऱ्हाडला उतरलो नाही. खिडकीशी बसून मी स्वतःला एकच गोष्ट सांगत होतो. इतकी वर्षं मी ज्याचा हेवा केला ते बिरूचं नशीब होतं, आणि नशिबाचा हेवा करायला काही लागत नाही, उलट त्यात एक समाधान असतं. आता तेही गेलं. आता हेवा करायचा तर त्याच्या खेळाचा करावा लागणार होता, आणि तो फार जास्त दुखतो.

घरी पोचलो तर बायको दारातच होती. शर्टावरचे डाग तिने पाहिले आणि करवंदांचं काय झालं ते न विचारताच ओळखलं. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "जिंकला ना तो?"

"जिंकला. पुढच्या मोसमात वरच्या गटात. पहिला सामना कोल्हापूरला आहे, मी जाणार आहे."

"परत जळायला?"

"हो," मी म्हटलं. "पण या वेळी पुढच्या रांगेत बसून."