अप्पांनी थांब्यावर लावलेली गाडी

तेहतीस वर्षं शहर बस चालवलेल्या अप्पांना मुलीने बजावलं होतं, "बाबा, घरासाठी एसयूव्ही घेतेय. आज चालवून बघा. नाही जमली तर मी ड्रायव्हर ठेवणार. रागवायचं नाही."

शोरूममध्ये गुडघे दुखणाऱ्या बायकोला अप्पांनी आणि मुलीने धरून गाडीत चढवलं. विक्रेता अप्पांच्या शेजारी बसला, मायलेकी मागे.

पहिलंच वळण अप्पांनी इतकं लांबून घेतलं, की विक्रेत्याने खिडकीवरची मूठ पकडली.

"अहो, आता आपल्यामागे चाळीस माणसं बसलेली नाहीयेत," बायको म्हणाली.

पुढे बसथांबा आला. अप्पांच्या हातांनी त्यांना न विचारताच गाडी कडेला घेतली. थांब्यावरच्या एक आजी पिशवी उचलून लगबगीने पुढे आल्या.

"झालं! बाबा, नापास," मुलगी म्हणाली. अप्पांचं तोंड एवढंसं झालं.

आजींना समजावायला बायकोने दार उघडलं आणि पाऊल टाकलं ते थेट फूटपाथवर. गाडी फूटपाथला इतकी लागून उभी होती, की उतरायला कुणाचा हात लागला नाही. आजींची माफी मागून ती तशीच, एकटीच, आत येऊन बसली.

"तुझा ड्रायव्हर लावेल का गं अशी गाडी?" तिने लेकीला विचारलं.

मुलगी आईच्या गुडघ्यांकडे बघत राहिली. मग हसली.

"बरं बाबा, तुम्हीच चालवा. फक्त वळणं जरा आवरा."